थ्रॉटलवरचा हात

ग्वाल्हेरच्या आकाशाला लढाऊ विमानांचा आवाज नवा नाही. महाराजपूरचा हवाई तळ शहरापासून फार दूर नाही, आणि 1985 साली मिराज 2000 ही विमाने तेथे आली तेव्हापासून तर हा आवाज आमच्या दिनक्रमाचाच एक भाग होऊन बसला आहे. लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या खिडक्या थरथरू लागल्या की माझी आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणे, "आज लवकर निघाली वाटतं." बंबात लाकडे घालणे, तुळशीला पाणी घालणे आणि विमाने निघणे, या तिन्ही गोष्टी तिच्या लेखी एकाच यादीतल्या होत्या.

माझ्या मनात मात्र विमानांचे स्थान वेगळे होते आणि त्याला कारण माझा थोरला भाऊ. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. 1957 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो हवाई दलात इंजिन फिटर म्हणून भरती झाला. सुटीवर येई तेव्हा त्याच्या ट्रंकेतून केरोसीनचा एक मंद वास दरवळे. मी त्या ट्रंकेत डोके घालून बसे. त्याच्या तोंडून मी व्हँपायर, तूफानी, हंटर ही नावे ऐकली ती रामरक्षा पाठ होण्याच्याही आधी. पुढे वैमानिक होण्याच्या इच्छेने मी 1971 साली निवड मंडळापुढे जाऊन आलो. डोळ्यांनी दगा दिला आणि वैद्यकीय तपासणीत नापास होऊन परतलो. त्यानंतर छत्तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गाच्या खिडकीबाहेर विमान गर्जले की फळ्यावरचा खडू क्षणभर थांबत असे, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझ्या मुलाने आपला जुना संगणक आणि त्यासोबत एक जॉयस्टिक व थ्रॉटलचा दांडा माझ्या स्वाधीन केला. "बाबा, आता उडवा," एवढेच तो म्हणाला. ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमानयुद्धाचा सिम्युलेटर म्हणजे नुसती गोळीबाराची करमणूक नव्हे. चांगल्या सिम्युलेटरमध्ये विमानाच्या कक्षातली जवळजवळ प्रत्येक कळ, प्रत्येक काटा आणि प्रत्येक झडप आपापले काम करते. बॅटरीची कळ दाबली नाही तर काटे हलत नाहीत. इंधनाचा पंप चालू केला नाही तर इंजिन पेटत नाही. आणि चुकीच्या क्रमाने पेटवले तर ते जळते. मला हे सारे एखाद्या प्रयोगशाळेसारखे वाटले आणि मी त्यात रमलो.

पहिल्या पिढीच्या जेट विमानांकडे माझा ओढा असणे स्वाभाविक होते. आरंभ केला तो जर्मनांच्या मेसरश्मिट 262 पासून. या विमानाच्या जन्माची कथाच मोठी उद्बोधक आहे. मार्च 1942 मध्ये त्याची दोन जेट इंजिने बसवून चाचणी घेतली, तेव्हा सावधगिरी म्हणून नाकात एक जुने पंख्याचे इंजिनही ठेवले होते. उड्डाण होताच दोन्ही जेट इंजिने बंद पडली आणि चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेल याने त्या जुन्या इंजिनाच्या भरवशावर विमान कसेबसे उतरवले. नवी इंजिने बसवून 18 जुलै 1942 रोजी लाइपहाइम येथे त्याने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा नाकातले इंजिन काढून टाकलेले होते. आता वेगळीच अडचण आली. विमानाला शेपटीखाली चाक होते, त्यामुळे ते धावपट्टीवर नाक वर करून धावे. पंखांच्या आडोशामुळे शेपटीच्या पात्यांना पुरेशी हवा मिळेना आणि शेपटी उचलेना. उपाय विलक्षण होता: ऐन वेगात असताना ब्रेक क्षणभर दाबायचा. त्या हिसक्याने शेपटी वर येई, पात्यांना हवा मिळे आणि विमान उडे. उडण्यासाठी थांबण्याची कळ दाबावी लागली, ही गोष्ट मी वर्गात गतिशास्त्र शिकवताना कित्येकदा सांगितली आहे. पुढे त्या विमानाला नाकाखालचे चाक मिळाले आणि ही कसरत संपली.

संगणकावर मी या विमानाची इंजिने किती वेळा जाळली याची गणती नाही. शत्रूचे विमान दिसले की हात आपोआप पुढे जाई, थ्रॉटल एकदम शेवटपर्यंत ढकलला जाई, आणि पाठीमागून धूर येऊ लागे. कारण समजून घेतले तेव्हा त्यात आपलाच अभ्यासक्रम सापडला. जेट इंजिनात पुढे हवा दाबणारा काँप्रेसर, मध्ये ज्वलनकक्ष आणि मागे टर्बाइन अशी रचना असते. टर्बाइन काँप्रेसरला फिरवते, आणि काँप्रेसरने दिलेल्या हवेवर टर्बाइन जगते. थ्रॉटल पुढे केला की इंधन त्याच क्षणी वाढते. पण ते जड चक्र वेग घेण्यास काही सेकंद लावते. या मधल्या सेकंदांत हवा थोडी आणि इंधन फार, अशी अवस्था होते. मग एकतर तापमान भडकून टर्बाइनची पाती जळतात, नाहीतर हवेचा प्रवाहच कोलमडतो आणि ज्योत विझते. पुढच्या काळातल्या इंजिनांत हे इंधन मोजून सोडणारी स्वयंचलित यंत्रणा आली. पहिल्या इंजिनांत ती जबाबदारी बव्हंशी वैमानिकाच्या मनगटावर होती. त्यातून जर्मनीला युद्धाच्या अखेरीस निकेल आणि क्रोमियम दुर्मिळ झाले होते. यूमो 004 हे इंजिन त्यामुळे दहा ते पंचवीस तास चालले की उतरवून दुसरे चढवावे लागे. ताशी साधारण 870 किलोमीटर वेगाने जाणारे हे विमान हवेत कोणाला सापडत नसे. म्हणून शत्रूची विमाने ते उतरण्याची वाट पाहत त्याच्या तळाजवळ घिरट्या घालीत. उतरताना त्याचा वेग कमी असे, आणि घाईने वाढवता येत नसे.

तेथून मी कोरियाच्या युद्धाकडे वळलो. नोव्हेंबर 1950 मध्ये यालू नदीच्या परिसरात मिग-15 विमाने दिसू लागली आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेची एफ-86 सेबर विमाने त्यांच्या मुकाबल्याला आली. जेट विमानांच्या जेट विमानांशी झालेल्या पहिल्या मोठ्या लढाया त्या याच. दोन्ही विमाने बाहेरून बहिणींसारखी, स्वभाव मात्र भिन्न. मिग हलके, उंच चढणारे. एक 37 मिलिमीटरची व दोन 23 मिलिमीटरच्या तोफा घेऊन फिरणारे. मोठ्या तोफेला गोळे अवघे 40, म्हणजे नेम चुकवण्याची चैन नाही. सेबरकडे सहा मशीनगन, सुबक दिसणारी चौफेर काच आणि सूर मारताना हाती राहणारी शेपटी. मला मिग भावले. त्याच्या काट्यांच्या फळीवर वरून खाली एक पांढरी रेघ रंगवलेली असे. विमान गिरक्या घेत कोसळू लागले आणि वैमानिकाला काही सुचेनासे झाले तर दांडा त्या रेघेकडे ढकलावा, एवढाच तिचा अर्थ. भांबावलेल्या माणसासाठी कोणीतरी आधीच एक रेघ ओढून ठेवली आहे, ही कल्पना मला फार माणुसकीची वाटली.

आणि याच मिगने मला जेरीस आणले. 2023 च्या जानेवारीत एक विचित्र दोष सुरू झाला. लढाई होवो न होवो, परतीच्या वाटेवर, धावपट्टी समोर दिसत असताना, इंजिन बंद पडे. दर खेपेस नव्हे. तीनात एकदा, कधी पाचात एकदा. मी थ्रॉटल एकदम ढकलत नव्हतो. तो धडा मेसरश्मिटने चांगलाच शिकवला होता. मी इंधन तपासले, पंप तपासले, उतरण्याचा वेग बदलून पाहिला. सारा सिम्युलेटर पुसून पुन्हा बसवला. तीन आठवडे मी एका शालेय वहीत प्रत्येक उड्डाण लिहून काढले. दोष काही सापडेना. या इंजिनाविषयी विचारावे असा एकच माणूस मला ठाऊक होता, आणि त्याच्याशी मी अकरा वर्षे धड बोललो नव्हतो.

येथे वाड्याविषयी सांगणे भाग आहे. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी गोष्ट असेलच. आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. शिंदे सरकारच्या दफ्तरात नोकरी, त्यातून घेतलेली जागा, दगडी जोते, मधला चौक, चौकात कडुनिंब. हवाई दलातून 1972 मध्ये बाहेर पडल्यावर दादाने वडोदऱ्यास एका कारखान्यात नोकरी धरली आणि तो तिकडेच स्थायिक झाला. वाडा मी सांभाळत होतो. 1998 साली त्याने त्याच्या हिश्श्याचे मुखत्यारपत्र माझ्या नावे करून दिले, कर भरण्यापासून डागडुजीपर्यंत मला अडचण पडू नये म्हणून. पुढे छत गळू लागले, मागची भिंत कलली. 2011 च्या उन्हाळ्यात एक खरेदीदार आला. भाव चांगला होता, पण त्याला घाई होती. मी दादाला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले: दसऱ्याला येतो, एकदा डोळे भरून बघतो, मग खुशाल कर. मी ऑगस्टमध्येच सही केली. सौदा हातचा जाईल, अशी भीती वाटली. दसऱ्याला दादा आला तेव्हा चौकाच्या जागी विटा-मातीचा ढीग होता आणि कडुनिंबाचे खोड आडवे पडले होते. तो भांडला नाही. आपल्या हिश्श्याचा धनादेश त्याने घेतला आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत गेला. त्यानंतर दिवाळीला, संक्रांतीला वहिनी फोन करीत. मागून दादाचा खोकला ऐकू येई. तो फोनवर येत नसे, आणि मी त्याला बोलवा असे म्हणत नसे.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी धीर करून वडोदऱ्याचा नंबर फिरवला. वहिनींना म्हटले, "वहिनी, दादांना एक तांत्रिक शंका विचारायची आहे." वहिनी क्षणभर थांबल्या, मग फोन सरकवल्याचा आवाज आला.

"बोल."

"दादा, तुम्ही तूफानीवर होतात ना? तिचं इंजिन कोणतं?"

पुष्कळ वेळ काही ऐकू आले नाही. मग म्हणाला, "नीन. रोल्स-रॉइसची मूळ, फ्रान्सात हिस्पानो-सुइझानं बनवलेली. का?"

हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच विचारले होते. 1944 मध्ये इंग्लंडात रोल्स-रॉइसने घडवलेल्या या इंजिनाचा वंशविस्तार अजब आहे. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे नाव एका नदीचे. फ्रान्सने परवाना घेऊन ते आपल्या उरागाँ विमानात बसवले. तीच विमाने 1953 पासून भारतात आली आणि तूफानी म्हणून ओळखली गेली. दुसरीकडे, 1946 साली ब्रिटनच्या मजूर सरकारने हीच इंजिने सोव्हिएत संघाला विकण्यास मान्यता दिली. रशियनांनी त्यांची नक्कल केली, मग त्यात सुधारणा केली आणि त्यातून मिग-15 चे इंजिन सिद्ध झाले. त्यामुळे कोरियाच्या आकाशात माझ्या पडद्यावर जे इंजिन विझत होते ते दादाच्या हातांनी वर्षानुवर्षे उघडलेल्या इंजिनाचे सख्खे चुलत भावंड होते. दादा तिला लाडाने नीनाबाई म्हणे, हे मला लहानपणापासून आठवत होते.

मी दोष सांगितला. संगणक, खेळ वगैरे ऐकून तो हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. त्याने विचारले, "स्नॅग कधी येतो? चढताना, सरळ जाताना, की उतरताना?"

"उतरताना."

"थ्रॉटल कुठं असतो?"

"पूर्ण मागे."

"मग तुझी बाई मंद आचेवर असताना कुणीतरी आच एकदम वाढवतंय."

"मी हात लावत नाही, दादा."

"तू लावत नाहीस ना? मग रॉड लावतोय. इंजिन नंतर बघ. आधी हात आणि इंजिन यांच्यामध्ये काय काय आहे ते बघ. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन बदलल्यास तर दुरुस्त झालं तरी कशानं झालं ते कळायचं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "जमिनीवर उभं कर. चालू कर. हात मांडीवर ठेव. दहा मिनिटं काट्याकडे बघत बस. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी तसे केले. मिगचे इंजिन मंद गतीवर घुमत होते आणि मी हात मांडीवर ठेवून संध्येला बसल्यासारखा बसलो होतो. चौथ्या मिनिटाला फेऱ्यांचा काटा थरथरला. पडद्यावरचा थ्रॉटल, कोणीही न ढकलता, क्षणार्धात पुढे उडी मारून परत जागेवर आला. सातव्या मिनिटाला पुन्हा, या वेळी मोठी उडी. तापमानाचा काटा भडकला आणि इंजिन विझले. दोष विमानात नव्हताच. तो माझ्या टेबलावर होता.

थ्रॉटलच्या दांड्याचा खालचा पत्रा उघडला तेव्हा आत काय निघावे? पोटेन्शिओमीटर! दांडा हलला की त्याचा सरकता काटा कार्बनच्या पट्टीवरून फिरतो, व्होल्टेज बदलते आणि संगणकाला दांड्याची जागा कळते. छत्तीस वर्षे, दर वर्षी जुलैत, मी प्रयोगशाळेत मुलांना हेच उपकरण समजावून दिले होते, आणि संपर्कबिंदू स्वच्छ ठेवा म्हणून ओरडलो होतो. दांडा जेथे सर्वांत जास्त वेळ विसावत असे, म्हणजे अगदी मागे, तेथेच पट्टीवर धुळीचा आणि झिजलेल्या कार्बनचा थर साचला होता. संपर्क तुटे, व्होल्टेज उसळे, आणि संगणकाला वाटे की वैमानिकाने थ्रॉटल पुढे फेकला. स्पिरिट आणि कापसाच्या बोळ्याने ती पट्टी पुसली. दहा मिनिटे, मग वीस मिनिटे काट्याकडे पाहत बसलो. काटा हलला नाही.

संध्याकाळी फोन केला. या वेळी वहिनींनी उचलला नाही. पहिल्याच घंटीला दादाच होता. हकीकत ऐकून तो म्हणाला, "लिहिलंस का?"

"वहीत आहे."

"नीट लिही. फॉर्म 700 मध्ये आम्ही तीन गोष्टी लिहायचो: स्नॅग काय, कारण काय, दुरुस्ती काय. खाली सही. सहीशिवाय विमान हलत नसे. जे लिहिलं नाही ते दुरुस्त झालेलं नाही, असं समजायचं."

मी वहीत रकाने आखले. त्यानंतर आमचे फोन सुरू झाले, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. विषय एकच: इंजिन. तो सांगे की नीनला नऊ ज्वलनकक्ष, आणि त्यातला एखादा नीट पेटला नाही तर आवाजावरून कळे. तो सांगे की डिसेंबरातल्या पहाटे पत्र्याला हात चिकटे. व्हँपायरचा पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्साच्या लाकडाचा, त्यामुळे सुतारालाही तिथे मान होता, हेही त्यानेच सांगितले. 1948 साली भारतात आलेले ते पहिले जेट विमान, आणि ते अर्धे लाकडी! इतक्या वर्षांत यातले काहीच त्याने मला सांगितले नव्हते, किंवा मी विचारले नव्हते.

एप्रिलमध्ये मिग पुन्हा विझले. उतरताना धावपट्टी चुकली, जमीन वर येताना दिसली, आणि माझा हात थ्रॉटलसह थेट शेवटपर्यंत गेला. उंची होती शंभर मीटर. फोनवर दादाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पट्टी साफ आहे?"

"साफ आहे. काल पाहिली."

"मग हा स्नॅग इंजिनाचा नाही आणि रॉडचाही नाही." तो काही वेळ गप्प राहिला. "आमचे पायलट लोक म्हणायचे, बाईला ढकलू नये, विचारावं. मोजून चार सेकंद. आणि चार सेकंद थांबायचं तर ते आधी मागून ठेवावे लागतात. धावपट्टी चुकायच्या आधी."

मी वही पुढे ओढली. स्नॅग: कमी उंचीवर इंजिन विझले. कारण: वैमानिकाची घाई. लिहिता लिहिता माझा हात थांबला, आणि जे अकरा वर्षे तोंडातून बाहेर पडले नव्हते ते सहज पडले.

"दादा, वाड्याच्या वेळीही रॉडमध्ये दोष नव्हता."

फोनवर बराच वेळ नुसता वडोदऱ्याच्या रस्त्यावरचा आवाज येत होता, रिक्षाचा, कोणा फेरीवाल्याचा.

"दोन महिने होते," तो म्हणाला. "दोनच महिने मागितले होते मी."

"हो."

"खरेदीदार पळाला असता का?"

"नसता पळाला. पुढे त्यानेच एकदा बोलता बोलता सांगितलं. तो दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. मी विचारलंच नाही."

हे मी कोणालाच सांगितले नव्हते. दादा काही बोलला नाही. मला वाटले, फोन ठेवील. मग त्याचा तो परिचित खोकला आला आणि तो म्हणाला, "वहीत लिही."

"काय लिहू?"

"जसं आहे तसं. तारीख घाल."

त्या रात्री मी लिहिले. दिनांक: ऑगस्ट 2011. स्नॅग: मुखत्यारपत्राचा उपयोग करून, थोरल्या भावाने मागितलेली मुदत न देता वाडा विकला. कारण: घाई, खरेदीदारास मुदत विचारली नाही. दुरुस्ती या रकान्यासमोर लेखणी बराच वेळ धरून बसलो आणि तो तसाच सोडला. इंजिन जळले तर दुसरे चढवता येते. जर्मनांनी तर पंचवीस तासांना एक या हिशेबाने चढवली. पणजोबांचा चौक कोठून आणून चढवणार?

दिवाळीनंतर दादा ग्वाल्हेरला आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. वहिनी आणि नातू सोबत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला संगणकापुढे बसवले. वाटले होते, उडवून बघावेसे वाटेल. त्याने दांड्याला हात लावला नाही. "चालू कर," म्हणाला, आणि डोळे मिटले. स्टार्टरची घरघर, मग इंधन पेटल्याचा तो खोल हुंकार, मग वाढत जाणारी शीळ. शीळ स्थिर झाली तेव्हा त्याने डोळे उघडले. "आवाज बराचसा जमलाय. वास नाही." मग म्हणाला, "वही आण."

त्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून वही वाचली. प्रत्येक नोंदीपाशी मान हलवीत गेला. एका ठिकाणी कारण चूक लिहिले होते ते पेन्सिलीने दुरुस्त केले. ऑगस्ट 2011 च्या नोंदीपाशी आला तेव्हा थांबला. ती नोंद त्याने दोनदा वाचली असावी. त्याचे बोट ओळीवरून दोन वेळा सरकले. काही न बोलता वही मिटली आणि म्हणाला, "चल, जागा बघून येऊ."

वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. डाव्या कोपऱ्यात, नाल्यालगत, आमच्या जोत्याचे दोन दगड अजून आहेत. कोणी तरी त्यांवर भाजीची टोपली ठेवली होती. ते मी दर आठवड्यास पाहत होतो, पण दादाला ठाऊक नव्हते. तो रस्ता ओलांडून गेला आणि भाजीवाल्या बाईला म्हणाला, "बाई, जरा टोपली उठाओ, हमारे घर का पत्थर है." तिने टोपली उचलली. त्याने दगडावर हात ठेवला, सपाट तळवा, एखादे इंजिन गरम आहे की निवले हे पाहावे तसा. त्याच वेळी महाराजपूरकडून मिराजची जोडी निघाली आणि डोक्यावरून गेली. दादाने मान वर केली नाही. "आज उशिरा निघाली," तो म्हणाला.

चार दिवसांनी तो परत गेला. गाडीत सामान लावून झाल्यावर मी पाहिले, तर त्याच्या पिशवीतून माझ्या वहीचा कोपरा दिसत होता. मी काही बोललो नाही. मी आता नवी वही केली आहे. मिग उतरवताना मनात चार आकडे मोजतो, आणि पुष्कळदा सुखरूप उतरतो. जुनी वही वडोदऱ्यास आहे. त्या नोंदीपुढचा तिसरा रकाना भरला आहे की कोरा आहे, हे मी फोनवर विचारलेले नाही. दादा सांगेल तेव्हा सांगेल.